ही नळी आज लागते का?

पहाटे ५.३०

पोयनाडला आमच्या दारासमोरच शेत आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हळवं भात पिवळं पडलंय, गरवं अजून हिरवं आहे आणि परतीच्या पावसाने दोन दिवस उसंत दिलेली नाही. अंघोळ झाली की मी हातातल्या बांगड्या, अंगठी आणि घड्याळ काढून देव्हाऱ्याजवळच्या स्टीलच्या डबीत ठेवते. लग्नानंतर सुरुवातीला सासूबाईंना ते खटकायचं. नवरात्रात सवाष्णीने मोकळ्या हातांनी घराबाहेर पडायचं, हे त्यांना पटेना. एकदा त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "आई, बांगडीखाली हात नीट धुतला जात नाही. तिथले जंतू पेशंटच्या रक्तात जातात." तेव्हापासून रात्री मी घरी आले की डबी त्याच उघडून माझ्यापुढे धरतात.

नखं काल रात्रीच कापली आहेत. डबा भरून मी मिनीडोअर पकडते. कार्लेखिंड ओलांडली की अर्ध्या तासात अलिबाग. मी इथल्या एका सहा खाटांच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. सकाळी आठ ते रात्री आठ. अकरा वर्षं झाली.

सकाळी ७.४५

ओव्हर घ्यायची वेळ. नाइटची सिस्टर टेबलाशी बसून फाइल वाचून दाखवू शकते, पण आम्ही तसं करत नाही. दोघी मिळून एकेका खाटेपाशी जातो. ती सांगते, मी बघते. मी डोक्यापासून पायापर्यंत नळ्या मोजते. नळी पेशंटच्या अंगात जिथे शिरते तिथे बोट ठेवायचं आणि बाटलीपर्यंत, पंपापर्यंत किंवा पिशवीपर्यंत ते फिरवत न्यायचं. मधे कुठे सांधा आहे, तो घट्ट आहे का, नळी अंगाखाली दबली आहे का, सगळं बोटाला कळतं. पोटात जाणारी नळी आणि शिरेत जाणारी नळी एकाच खाटेवर शेजारी शेजारी असतात. घाईत एकीतलं दुसरीत गेलं तर ते परत काढता येत नाही.

१ नंबरला काकू, हृदय कमजोर आणि अंगावर पाणी चढलेलं. हातात सलाइनची सुई आणि लघवीची नळी: २. २ नंबर रिकामी. ३ नंबरला खारेपाटातले शेतकरी काका, लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो. मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, मनगटाच्या धमनीत एक लाइन आणि लघवीची नळी: ३. ४ नंबरला मोटारसायकलवरून पडलेला तरुण, डोक्याला मार आणि व्हेंटिलेटर. श्वासाची नळी, नाकातून पोटात गेलेली नळी, सेंट्रल लाइन आणि लघवीची नळी: ४. ५ नंबरला कोळीवाड्यातल्या आजी, न्यूमोनिया. दोन्ही हातांत एकेक सुई: २. ६ नंबरला हार्ट अटॅकनंतरचा दुसरा दिवस, हातात एक सुई: १.

एकूण १२. हा आकडा मी रोज तळहाताएवढ्या वहीत लिहिते. हेडसिस्टरांनी शिकवलेली सवय आहे. त्या म्हणायच्या, घरात किती माणसं आहेत त्यापेक्षा किती दारं उघडी आहेत ते आधी बघ. माणसाची कातडी म्हणजे भिंत. आपण जीव वाचवायला तिला भोक पाडतो. भोक पाडलं की राखण आपली.

सकाळी ८.३०

आता मॉनिटर. हिरवी रेघ हृदयाची, निळी ऑक्सिजनची. बोटाच्या चिमट्यामागची, नाडीवरून रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरने १९७४ मध्ये काढली. ऑपरेशन थिएटरमध्ये राहणारं ते यंत्र कोरोनाच्या लाटेत आपल्या घराघरांत पोचलं, आणि आकडा ९० खाली गेला की घाबरायचं, एवढं सगळ्यांच्या मनात बसलं.

पण सगळ्यांसाठी एक आकडा नसतो. ५ नंबरच्या आजींनी सगळं आयुष्य चुलीपुढे काढलंय, फुप्फुसं जुन्या दम्याची आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी ८८ ते ९२ एवढाच ऑक्सिजन ठरवून दिलाय. त्याहून जास्त दिला तर त्यांचा श्वासच मंदावण्याची भीती. यंत्र मात्र कंपनीने बसवलेल्या आकड्यावर चालतं आणि ९० खाली दर वेळी किंचाळतं. म्हणजे आजी अगदी ठीक असताना दिवसभर अलार्म. दिवसभर वाजणाऱ्या अलार्मची सवय होते. कान तो ऐकतो आणि सोडून देतो. मग ज्या वेळी तो खरा वाजतो, त्या वेळीही कान तसंच करतो. म्हणून सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक खाटेच्या अलार्मच्या मर्यादा त्या माणसापुरत्या बसवणं. आजींची खालची मर्यादा ८६ वर आणते. अलार्म बंद मात्र कुणाचाच करत नाही.

ऑक्टोबरच्या घामाने छातीवरचे स्टिकर सुटतात आणि मॉनिटर हृदय थांबल्याची सरळ रेघ दाखवतो. म्हणून रोज सकाळी छाती पुसून, कोरडी करून नवे स्टिकर. १ नंबरच्या काकूंच्या नखांना नातीने नवरात्राचं लाल नेलपॉलिश लावलंय. एका बोटाचं पुसून तिथे चिमटा लावते आणि त्यांना म्हणते, "बाकीची नऊ बोटं राहू देत, काकू." बीपीचा पट्टा ज्या हाताला बांधलाय त्या हाताला चिमटा लावायचा नाही. पट्टा आवळला की बोटाचं रक्त थांबतं आणि आकडा गायब होतो.

३ नंबरच्या काकांचं प्रेशर रात्रीपेक्षा चांगलं दिसतंय. मी आधी त्यांच्याकडे बघते, मग यंत्राच्या डबीकडे. धमनीतलं प्रेशर मोजणारी ती डबी हृदयाच्या पातळीत हवी: काखेच्या मध्यरेषेवर, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या खाचेला धरून. रात्री कूस बदलताना खाट वर घेतली आणि डबी स्टँडवर खालीच राहिली. १० सेंटीमीटर खाली राहिली तर प्रेशर सात-साडेसातने जास्त दिसतं. पातळीत आणून पुन्हा शून्य केलं. खरा आकडा थोडा कमी निघाला, पण चांगलाच निघाला. खोट्या चांगल्या आकड्यावर विसंबून पुढचं ठरलं असतं, तर ते काकांना भोगावं लागलं असतं.

सकाळी १०.००

राउंड. डॉक्टर, मी, फिजिओथेरपीचा ब्रदर. प्रत्येक खाटेपाशी शेवटचा प्रश्न माझा असतो: "सर, ही नळी आज लागते का?"

हा प्रश्न माझ्या तोंडी येण्यामागे एक मोठी गोष्ट आहे. २००१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी सेंट्रल लाइनसाठी पाच गोष्टींची यादी केली. हात धुवा. लाइन टाकताना टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्हज घाला आणि पेशंटला पूर्ण निर्जंतुक कापडाने झाका. कातडी क्लोरहेक्सिडिनने साफ करा. शक्यतो जांघेतली शीर टाळा. आणि नको असलेली लाइन काढून टाका. यात नवं औषध नव्हतं, महाग यंत्र नव्हतं. त्यातली एकही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असंही नव्हतं. त्यांनी त्यात एक भर घातली: डॉक्टर एखादी पायरी गाळत असेल तर नर्सने त्याला थांबवायचं, आणि प्रशासनाने नर्सच्या पाठीशी उभं राहायचं. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये हीच पद्धत लावली. २००६ मध्ये निकाल छापून आला. दीड वर्षात लाइनमधून रक्तात जाणारा संसर्ग जवळपास दोन तृतीयांशांनी घटला होता.

आमचे डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. तरी त्यांनीच हा प्रश्न विचारायला सांगितलंय. ३ नंबरपाशी ते चार्ट उलटतात. बीपी वाढवणारं औषध काल सकाळीच बंद झालंय. म्हणजे धमनीतली लाइन? "काढा." लघवी तासाला ५० एमएल होतेय. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० हवी, काका त्याच्या वर आहेत. ते शुद्धीत आहेत, भांडं वापरू शकतात. "लघवीची नळीही काढा, भांड्यातली मोजा." मानेतली लाइन? "संध्याकाळपर्यंत प्रेशर असंच राहिलं आणि हातात सुई मिळाली तर तीही." ५ नंबरच्या आजींच्या डाव्या हातातली सुई कालपासून नुसती बंद करून ठेवली आहे. "काढा."

उत्तर दर वेळी 'काढा' असंच येत नाही. १ नंबरच्या काकूंना पाणी उतरवायचं इंजेक्शन चालू आहे. उठून बसलं तरी धाप लागते, आणि तासातासाची लघवी मोजल्याशिवाय डोस ठरत नाही. "आज राहू दे. उद्या परत विचारा." ४ नंबरच्या तरुणाच्या चारही नळ्या लागतात. तिथे माझं काम वेगळं: उशाकडून खाट ३० अंश वर, तोंडाची स्वच्छता, श्वासाच्या नळीची खूण ओठाशी कुठल्या आकड्यावर आहे ते बघणं, आणि लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता टांगणं.

सकाळी ११.१५

काकांच्या मानेवरच्या पारदर्शक ड्रेसिंगची कड घामाने उचलली आहे. तारखेने ते सात दिवस चालतं, पण कड सुटली की तारीख बघायची नाही. लाइन संध्याकाळपर्यंतच राहणार असली तरी ती जागा उघडी ठेवता येत नाही.

ट्रॉली पुसते, पडदा ओढते, पंखा बंद करायला सांगते. "काका, तोंड तिकडं करा. बोलू नका थोडा वेळ." हात चोळते. हॅण्डरब हातावर घेतलं की २० ते ३० सेकंद: तळवे, पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट. अंगठा सगळ्यात जास्त विसरला जातो. जुनं ड्रेसिंग लाइनच्या दिशेने हळूहळू सोलते, उलटं ओढलं तर लाइनच बाहेर येईल. आता ती जागा दिसते. तीळभर भोक, दोन काळे टाके. लाली नाही, पू नाही, दाबलं तर काका कण्हत नाहीत. बरं वाटतं.

निर्जंतुक ग्लोव्हज चढवते. क्लोरहेक्सिडिनचा बोळा त्या जागेवर पुढे-मागे ३० सेकंद घासते, आणि मग थांबते. हे थांबणं नव्या मुलींना सगळ्यात जड जातं. औषध आपोआप वाळू द्यायचं. फुंकर नाही, कापडाने टिपणं नाही, फाइलने वारा घालणं नाही. जंतू मरतात ते या वाळण्याच्या वेळात. कातडीवरची ओली चकाकी कडेकडून आत सरकत जाते, भोकाभोवती रुपयाएवढी उरते, मग तीही जाते. आता नवं ड्रेसिंग. त्यावर पेनने तारीख, वेळ, माझी सही.

लाइनच्या तोंडातून औषध द्यायचं तर तेही आधी स्पिरिटच्या बोळ्याने १५ सेकंद घासायचं. मी मनात पंधरा आकडे म्हणते. अकरा वर्षांत ते म्हणायचे थांबलेले नाहीत.

ही लाइन हृदयाच्या दारापर्यंत पोचलेली असते. ती वाट पहिल्यांदा चालली एका तरुण डॉक्टरने, स्वतःच्या अंगावर. १९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समानने मूत्रमार्गासाठी वापरायची बारीक नळी आपल्या डाव्या हाताच्या शिरेत घातली, ६५ सेंटीमीटर पुढे सरकवली आणि तशीच घेऊन जिना उतरून एक्स-रे खोलीत गेला. टोक हृदयात पोचल्याचं फोटोत दिसलं. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याने दाखवलेली वाट आज आमच्या अलिबागेतल्या खाटेपर्यंत आली आहे. त्या वाटेने औषध जाईल की जंतू, हे या पंधरा सेकंदांत ठरतं.

दुपारी १२.४०

रिकाम्या २ नंबरला नागोठण्याकडच्या एका वाडीवरून आठ वर्षांचा मुलगा येतो. भाताच्या पेंढ्यात हात घातला आणि लाल विंचू चावला. घामाने शर्ट चिंब, ओकारी, नाडी जोरात पळतेय. मी त्याच्या पायाला हात लावते. बर्फासारखा.

रायगडात काम करणाऱ्या कुणालाही अशा वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली कोवळी मुलं फुप्फुसात पाणी भरून, तोंडाला फेस येऊन जात होती. तिथे मॉनिटर नव्हता. डॉक्टर पेशंटच्या उशाशी बसले. नाडी, बीपी, घाम, श्वास, हातापायांचा गारवा, सगळं तासातासाने लिहून काढलं. विंचवाच्या विषाचा मारा हृदयावर होतो, त्याची आधी दिसणारी लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. बीपी कमी करणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी यावर चालते, हे १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. २०११ मध्ये प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर पेशंट लवकर सावरतो, हा त्यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

मॉनिटरिंग म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी त्या उशाशी बसण्याकडे बोट दाखवीन. यंत्र आकडा दाखवतं. बघायचं माणसालाच असतं.

मुलाला सुई, प्रतिविष, गोळी. गोळी दर तीन तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. पहिल्या गोळीनंतर बीपी एकदम उतरू शकतं. आई त्याला उचलून छातीशी धरायला धावते. मी तिचा हात धरते. "बाय, उभा नको धरू त्याला. झोपलेलाच राहू दे. तू इथं बस, त्याच्या डोक्यावरून हात फिरव." ती बसते.

दुपारी २.३०

डबा उघडते. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. जेवताना आम्ही कामाचं बोलत नाही, पण आज नवी सिस्टर विचारते, "ताई, तुम्ही प्रत्येक नळीमागे एवढ्या का लागता?"

तिला सांगते. माझी पहिली नोकरी दुसऱ्या शहरात, एका मोठ्या रुग्णालयात होती. पोटाचं ऑपरेशन झालेले एक बाबा होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, बाबा जेवायला लागले होते. मानेतली लाइन राहिली होती. कुणीतरी म्हणालं, असू दे, रक्त काढायला बरी पडते. मीही तेच म्हटलं. बारीक शिरेत रोज टोचण्यापेक्षा सोपं. अकराव्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरली. खाट हलत होती. ताप, मग बीपी घसरलं. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडले, लाइनच्या टोकावर तेच. त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा गेले. त्यांच्या मुलीने मला विचारलं, "ऑपरेशन तर चांगलं झालं होतं ना?" ऑपरेशन चांगलंच झालं होतं. त्या दिवशी मी तिला यापुढे काही सांगू शकले नाही. आज सांगते: लाइन आठवडाभर आधी काढायला हवी होती, आणि ते विचारायला हवं होतं मी.

नवी सिस्टर जेवायची थांबली आहे. तिला म्हणते, "जेव. आणि उद्यापासून १ ते ३ नंबरला तू विचार."

दुपारी ४.००

नातेवाइकांची वेळ. एकावेळी एकजण, चपला बाहेर, हात चोळून आत. दारातली मावशी यात कुणाचीच गय करत नाही, सरपंचांचीही नाही.

आजींचा मुलगा येतो. आजी मास्क बाजूला करून मला म्हणतात, "बाय, मना घरा कवा सोरशील?" मी मास्क परत बसवते. डाव्या हातातली सुई निघालीय हे त्यांच्या लक्षात आलंय, तो हात उचलून मुलाला दाखवतात. मोकळा झालेला हात पेशंटला कुणी न सांगता कळतो.

काकूंचे यजमान येतात, खाट नीट करतात, आणि लघवीची पिशवी लोंबकळते म्हणून उचलून काकूंच्या पोटावर ठेवतात. काळजीपोटीच ठेवतात. मी पिशवी खाली टांगते आणि त्यांना समजावते, "काका, ही वर गेली की आतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. सोबत जंतू जातात. विहिरीतलं गढूळ पाणी परत हंड्यात ओतल्यासारखं आहे." ते मान हलवतात. जाताना दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाला तेच सांगताना मला ऐकू येतात. चार वाजताच्या या अर्ध्या तासात एका माणसाला नीट समजावलं की ते गावात चार घरांपर्यंत पोचतं.

संध्याकाळी ५.१५

३ नंबरचं प्रेशर दिवसभर टिकलंय. प्लेटलेट वाढल्यात. हातात चांगली सुई मिळाली. मानेतली लाइन निघणार.

काढणं सोपं दिसतं, म्हणूनच त्यात घाई होते. शिरेला हवा ओढायला एक श्वास पुरतो, आणि ती हवा हृदयात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून खाट सपाट, डोकं किंचित खाली. टाके कापते. "काका, श्वास सोडा. पूर्ण सोडा. आता घेऊ नका." नळी एका लयीत बाहेर. भोकावर बोळा दाबते, भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं. लेप्टोत रक्त लवकर थांबत नाही, म्हणून वर आणखी तीन. टोक अख्खं आहे का ते बघते. हवा न शिरणारं ड्रेसिंग. अर्धा तास झोपून राहा.

काका मान चाचपतात. गेला आठवडा त्यांना मान वळवता आली नव्हती. खिडकीकडे बघतात, बाहेर आभाळ भरून आलंय. "कापनी गेली असंल," एवढंच म्हणतात. शेतात चिखलात उभं राहून, उंदराच्या मुतातून पायाच्या भेगेवाटे शिरलेला जंतू त्यांना इथवर घेऊन आला. बरे होऊन ते त्याच चिखलात परत जाणार आहेत. डिस्चार्जच्या वेळी गमबूट आणि लेप्टोच्या गोळ्यांविषयी सांगायचं, हे मी वहीत लिहून ठेवते.

संध्याकाळी ६.४०

वीज कडाडते आणि दिवे जातात. आपल्याकडे परतीच्या पावसाचं हे नेहमीचंच. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात कुणी काय करायचं हे ठरलेलं आहे. ब्रदर ४ नंबरला, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग धरून व्हेंटिलेटरच्या बॅटरीवर डोळा. नवी सिस्टर पंपांपाशी. मी २ नंबरला, कारण तिथल्या मॉनिटरची बॅटरी जुनी आहे. तो काळा पडतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी याच ड्युटीवर होते. गावागावांत कित्येक दिवस वीज आली नाही. त्या दुपारी आम्ही मॉनिटरच्या बॅटऱ्या वाचवून, पाळीपाळीने नाडीवर बोट ठेवून बसलो होतो. इथून पेशंट मुंबईला न्यायचा तर वडखळ, पेण, पनवेल असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. समुद्र खवळला की बोटीचा आधार नाही. मोठ्या शहरात चूक झाली तर सावरायला शेजारी कुणीतरी असतं. आमच्याकडे चूक न होऊ देणं हाच उपचार आहे.

अंधारात मी मुलाच्या मनगटावर बोटं ठेवते. नाडी भरलेली आहे, दुपारसारखी पळत नाही. दुसरा हात त्याच्या पायावर जातो. तळवा कोरडा आहे. गरम आहे. दिवे येतात तेव्हा त्याची आई माझ्याकडे बघत असते. मी तिचा हात धरून त्याच्या पायावर ठेवते.

रात्री ७.४५

ओव्हर. नाइटची सिस्टर येते. पुन्हा खाटेखाटेपाशी, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत. मुलाच्या पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारायचं. काकांनी भांड्यात ३२० एमएल लघवी केली आहे. काकूंची नळी उद्या परत विचारायची आहे.

तुमचं कुणी कधी आयसीयूत असेल, तर दोन गोष्टी करा. आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळा. आणि रोज एकदा, नम्रपणे पण न लाजता, विचारा: ही नळी आज लागते का? तो प्रश्न विचारल्याचा आम्हाला राग येत नाही.

वहीत आजचा शेवटचा आकडा लिहिते. सकाळी पाच पेशंटच्या अंगात १२ नळ्या होत्या. आता सहा पेशंट आहेत, नळ्या १०.